पेप्सीचा साहेब कॉम्प्युटरवाला झाला, मग मी का नाही?

ताई, नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खाजगी दूध कंपनीत २३ वर्षं आहे. केमिस्ट म्हणून लागलो, आज दूध संकलनाचा जनरल मॅनेजर आहे. वय ४७. चारशेच्या वर संकलन केंद्रं माझ्या हाताखाली आहेत. आता वाटतं, दुसऱ्यासाठी पुरे झालं. भाचा हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याला घेऊन स्वतःची कंपनी काढायची. गोठ्यापासून टँकरपर्यंत सगळं एका ॲपवर आणायचं: वजन, फॅट, दर, बिल, जनावरांचं औषधपाणी, खाद्य, पुढे कर्जसुद्धा. ओळखी भरपूर आहेत, निम्मी केंद्रं माझ्या शब्दावर ॲप घेतील. २०२४ ला अनुदानाच्या वेळी आमच्या ऑफिसातली तीन पोरं महिनाभर रात्री जागून एक्सेल भरत होती, एवढी या धंद्यात तंत्रज्ञानाची बोंब आहे. गृहकर्ज सात वर्षांचं उरलंय, मुलगा बारावीला आहे. मिसेस जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, त्यांचा पगार चालू राहील. मित्र म्हणतात, वेड लागलंय. मी म्हणतो, पेप्सी विकणारा जॉन स्कली ॲपल कॉम्प्युटरचा प्रमुख झाला, मग दूधवाल्याने ॲप का काढू नये? मार्चअखेर राजीनामा देतोय. तुमचं मत कळवा.
एक वाचक, सांगली जिल्हा

नमस्कार दादा,

मत विचारलंत, पण राजीनाम्याचा महिनाही ठरवून टाकलात. म्हणजे तुम्हाला मत नको, पाठीवर थाप हवी आहे. ती मी आज देणार नाही. पण वेड लागलंय असंही म्हणणार नाही. तुमच्या पत्रात एक ओळ अशी आहे की तिच्यावर धंदा उभा राहू शकतो. ती कुठली, ते पुढे सांगते. तुमच्या लक्षात ती आलेली नाही, आणि माझी खरी काळजी तीच आहे.

आधी त्या स्कलींचं बघू, कारण तुम्ही साक्षीला त्यांनाच उभं केलंय.

जॉन स्कली १९६७ मध्ये पेप्सीत लागले. हातात व्हार्टन या नामांकित बिझनेस स्कूलची एमबीए होती, तरी सुरुवात पिट्सबर्गच्या बाटल्या भरायच्या कारखान्यात झाली, सहा महिने. १९७० मध्ये, तिशीतच, ते मार्केटिंगचे उपाध्यक्ष झाले, आणि त्या काळात त्यांनी एक साधं काम करून घेतलं. साडेतीनशे कुटुंबांच्या घरी पेय पोचवायचं आणि ती माणसं ते कसं, किती संपवतात हे नुसतं बघायचं. दिसलं असं, की घरात जेवढं येतं तेवढं संपतं. दोन बाटल्या आणल्या तर दोन, सहा आणल्या तर सहा. मग चवीत डोकं घालण्यापेक्षा मोठी बाटली आणि मोठं खोकं बाजारात आणणं शहाणपणाचं, हे उघड झालं. (आपल्याकडे दिवाळीत चिवड्याचा डबा केवढाही मोठा भरा, भाऊबीजेपर्यंत टिकत नाही. हे कुठल्याही आईला ठाऊक असतं, पण कंपनीला ते मोजून दाखवावं लागतं.) १९७४ पासून त्यांनी पेप्सिकोचा परदेशातला खाद्यपदार्थांचा विभाग सांभाळला, म्हणजे वेफर्सबिफर्स. १९७५ मध्ये कोकबरोबर डोळे झाकून चव घ्यायची ती पेप्सी चॅलेंजची मोहीम निघाली. १९७७ मध्ये ते पेप्सी-कोलाचे अध्यक्ष झाले.

१९८३ मध्ये ॲपलच्या स्टीव्ह जॉब्झनी त्यांना विचारलं की जन्मभर साखरेचं पाणी विकत बसणार की जग बदलायची संधी घेणार. ही गोष्ट जगभर सांगितली जाते, तुम्हीही तीच ऐकली असणार. मात्र त्या प्रश्नाबरोबर सहीचे म्हणून दहा लाख डॉलर वेगळे होते, हे कुणी सांगत नाही. दादा, स्कलींनी कंपनी काढली नाही. ते एका चालत्या, वाढत्या कंपनीत बोलावण्यावरून, पगारावर गेले. तुम्ही पगार सोडून निघालाय. दोन्ही प्रवासांत बस आणि रिक्षाएवढा फरक आहे, भाडं कोण भरतं इथपासून.

आता ॲपलमधली दहा वर्षं. तिथे ते नुसते पडले असं नाही. ते आले तेव्हा कंपनीची वर्षाची विक्री शंभर कोटी डॉलरच्या आत होती, गेले तेव्हा आठशे कोटींच्या आसपास. पण नीट बघितलं तर जिथे पेप्सीत शिकलेलं कामाला आलं तिथे ते तरले, आणि जिथे पेप्सीचा हिशेब तसाच्या तसा लावला तिथे अडकले. १९८४ चा ॲपलचा मॅकिन्टॉश कॉम्प्युटर, म्हणजे मॅक, घ्या. जॉब्झना किंमत १,९९५ डॉलर हवी होती. स्कलींनी जाहिरातीचा मोठा खर्च किमतीत धरून ती २,४९५ वर नेली. बाटलीत हे खपून जातं, कारण गिऱ्हाईक रोज येतं आणि खर्च लाखो बाटल्यांवर पातळ होतो. माणूस कॉम्प्युटर एकदा घेतो आणि घेण्याआधी चार महिने विचार करतो. वर त्यावर चालणारे प्रोग्रॅम तेव्हा मोजकेच होते. विक्री मंदावली, १९८५ मध्ये बाराशे माणसांना घरी जावं लागलं, आणि सप्टेंबरमध्ये जॉब्झही बाहेर पडले. मॅकला मग हात कशाने दिला? लेझर प्रिंटर आणि पानं जुळवायचा पेजमेकर हा प्रोग्रॅम, या जोडीने. छापखान्याची जुळणी टेबलावर आली. छपाईवाल्यांची रोजची अडचण त्या यंत्राने सोडवली आणि लोकांनी पैसे मोजले. हे वाक्य जरा बाजूला ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९० मध्ये स्कलींनी मुख्य तंत्रज्ञान अधिकारी हे पदही स्वतःकडे घेतलं. बाटल्या आणि वेफर्समधून आलेला माणूस इंजिनियरांना कुठली चिप, कुठलं यंत्र हे सांगू लागल्यावर खात्यात काय कुजबुज झाली असेल, ते २३ वर्षं हाताखाली माणसं सांभाळलेल्याला मी काय सांगू. न्यूटन हे त्यांचं लाडकं बाळ. हातात मावणारं यंत्र, त्यावर पेनाने लिहायचं आणि त्याने अक्षर ओळखायचं. १९९३ मध्ये ते बाजारात आलं तेव्हा स्कली प्रमुखपदावरून उतरलेही होते. न्यूटन लिहिलेलं एक आणि वाचायचं भलतंच. व्यंगचित्रकारांना महिनाभराची बेगमी झाली.

यात एक गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच न्यूटनसाठी कमी वीज खाणारी चिप हवी म्हणून १९९० मध्ये ॲपलने एकॉर्न आणि व्हीएलएसआय या कंपन्यांबरोबर एआरएम ही कंपनी उभी केली. न्यूटन गेलं. एआरएमचे शेअर विकून आलेल्या पैशाने पुढे वाईट दिवसांत ॲपलला हात दिला. आणि तुमच्या केंद्रावरच्या सचिवाच्या खिशात जो फोन आहे, त्याच्या पोटात आजही एआरएमच्याच आराखड्याची चिप आहे. बापाचं नाव बुडालं, पोरगं मात्र घरोघर पोचलं.

ॲपल सोडल्यावर ते लगोलग स्पेक्ट्रम नावाच्या एका बिनतारी तंत्रज्ञानाच्या कंपनीत गेले आणि चारेक महिन्यांत, फेब्रुवारी १९९४ मध्ये बाहेर पडले. त्या कंपनीची सरकारी चौकशी चालू होती आणि हे आपल्याला सांगितलंच नाही, असं म्हणत ते कोर्टात गेले. एवढा मोठा माणूस, पण दुसऱ्याची वही उघडून न बघता आत गेला. तुम्ही दूध घेतानासुद्धा आधी फॅट लावता.

खऱ्या अर्थाने उद्योजक ते त्यानंतर झाले. २००७ मध्ये, वयाच्या अडुसष्टीत, एका जोडीदाराबरोबर त्यांनी ग्राहकांच्या माहितीवर मार्केटिंग करून देणारी कंपनी काढली. आज ती झेटा ग्लोबल म्हणून ओळखली जाते आणि २०२१ पासून न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात आहे. साडेतीनशे घरांत लोक पेय कसं पितात हे बघणारा माणूस चाळीस वर्षांनी त्याच कामावर परत आला, फक्त या वेळी हाताशी कॉम्प्युटर होते. उलट २०१४ मध्ये ओबी नावाचे मोबाइल घेऊन ते भारतात उतरले. फोन देखणे होते, मागे नाव मोठं होतं. तुमच्या तालुक्यात कुणाच्या हातात ओबी बघितलाय का? मीही नाही बघितला.

तेव्हा तुमचा साक्षीदार तुमच्या बाजूने आहे, पण तुम्ही समजताय त्या मुद्द्यावर नाही. खाण्यापिण्याच्या धंद्यातून आलेल्या माणसाला तंत्रज्ञानात जागा आहे का? आहे. पण ती खुर्चीच्या जोरावर मिळत नाही. लोक ती वस्तू हातात घेऊन नक्की काय करतात, हे बघितलेला माणूस म्हणून मिळते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. मी अकरा वर्षं एका बिस्किटाच्या कारखान्यात डिस्पॅच बघत होते. मग दोन इंजिनियर मित्रांबरोबर वितरकांसाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर करायची कंपनी काढली. गोडाऊन म्हणजे काय हे मला माहीत, कोडिंग त्यांना माहीत, जोडी झकास. पहिल्याच वितरकाकडे महिनाभरात स्टॉक जुळेना. कॉम्प्युटरवर एक आकडा, गोडाऊनमध्ये दुसरा, आणि रोज थोडा थोडा माल जास्त निघायचा. चोरी असती तर कमी भरला असता! तीन महिने आम्ही प्रोग्रॅम उकरत बसलो. शेवटी एके दिवशी मी तिथल्या दिवाणजींच्या शेजारी स्टूल टाकून बसले. त्यांच्या खणात पिवळ्या पुठ्ठ्याची एक वही होती. त्यात ते स्कीमचा माल वेगळा लिहायचे. बारा पेट्यांवर एक पेटी फुकट. त्या तेराव्या पेटीचं बिल नाही, म्हणून आमच्या प्रोग्रॅमच्या लेखी ती पेटी अस्तित्वातच नव्हती.

आता सांगा, बारावर एक हे मला माहीत नव्हतं? अकरा वर्षं मी स्वतःच्या हाताने ती तेरावी पेटी चढवून घेतली होती. पण ते इतकं अंगवळणी पडलेलं, की सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. मी इंजिनियरांना मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या: साखळी, नियोजन, मागणीचा अंदाज. तेरावी पेटी सांगायची राहिली. ती कंपनी चार वर्षं चालली. बुडाली नाही, पण वाढलीही नाही. शेवटी आम्ही ती एका मोठ्या कंपनीला गिऱ्हाइकांसकट देऊन टाकली.

तुमच्या पत्रातली तेरावी पेटी म्हणजे ती एक्सेल भरणारी तीन पोरं.

पुन्हा वाचा तुमचं वाक्य. धंद्यात तंत्रज्ञानाची बोंब आहे हे पटवायला जाता जाता लिहिलंत आणि पुढे गेलात. २०२४ मध्ये सरकारने गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान दिलं, पुढे ७ केलं. पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जायचे होते, म्हणून दूध घालणाऱ्याचं नाव, बँक खातं, रोजचं दूध आणि गाईच्या कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर हे सगळं एकमेकांशी जुळायला हवं होतं. केंद्राच्या दप्तरात नाव ‘बापू’, बँकेत ‘ज्ञानदेव’. बिल्ला वडिलांच्या नावावर, दूध सुनेच्या नावावर. गाय विकलेली, नंबर तसाच. एक आकडा चुकला की त्या माणसाचे पैसे अडकायचे, आणि तो सरकारकडे जायचा नाही, केंद्राच्या सचिवाच्या उंबऱ्यावर येऊन बसायचा. तुम्ही हे सगळं बघितलंय, निस्तरलंय. हिंजवडीतल्या कुठल्याही हुशार पोराला हे माहीत नाही. आणि यासाठी पैसे मोजायला तयार असलेलं गिऱ्हाईक तुम्हाला आधीपासून ठाऊक आहे. ती तीन पोरं ज्या मॅनेजरच्या हाताखाली जागत होती, तो मॅनेजर. म्हणजे तुम्हीच, आणि जिल्ह्या-जिल्ह्यातले तुमच्यासारखे. नोंदींची ही जुळवाजुळव अनुदानापुरतीच नाही, विमा, लसीकरण, कर्ज सगळीकडे लागते. छपाईवाल्यांची अडचण म्हटलं होतं ना मी, ती ही.

तुमचं ते गोठ्यापासून टँकरपर्यंतचं ॲप मात्र मला पटलेलं नाही. वजनकाटा, फॅट मशीन आणि बिल एकत्र करणाऱ्या यंत्रणा केंद्रांवर आधीच आहेत, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाचं सॉफ्टवेअर आहे. बेंगळुरूची स्टेलॅप्स ही कंपनी २०११ पासून याच कामात आहे, आणि ती मंडळी सॉफ्टवेअरमधून दुधाकडे आलेली, म्हणजे तुमच्या बरोबर उलट्या वाटेने. त्यांच्याशी सगळ्या आघाड्यांवर भिडायला तुमच्याकडे पैसा नाही. एका ठिकाणी त्यांच्यापेक्षा जास्त ज्ञान मात्र आहे. तिथेच उभे राहा.

‘निम्मी केंद्रं माझ्या शब्दावर घेतील’ हे वाक्य खोडून टाका, दादा. ती केंद्रं जनरल मॅनेजरच्या शब्दावर घेतील. उद्या तुमच्या जागी दुसरा आला की चहा त्याला जाईल. ही माणसं वाईट नाहीत. त्यांचं दर दहा दिवसांचं बिल ज्याच्या सहीने निघतं, त्याच्याशी त्यांना बांधून राहावंच लागतं. म्हणून परीक्षा अशी घ्या: तुमच्या कंपनीला दूध न देणारी, दुसऱ्या तालुक्यातली पाच केंद्रं गाठा. तिथे तुम्ही कोण हे कुणाला माहीत नसेल. त्यांच्याकडून महिन्याला पाचशे रुपये का होईना, पण रोख घेऊन दाखवा. फुकट वापरतो म्हणणारे पन्नास मिळतील, ते मोजू नका.

यासाठी राजीनामा लागत नाही. पण चोरूनही करू नका. नेमणुकीच्या कागदपत्रांत नोकरीत असताना दुसरा धंदा करायचा नाही अशी अट असणारच, ती वकिलाला दाखवा आणि पैसे घेण्याआधी वरिष्ठांशी उघड बोला. कोण जाणे, पहिलं गिऱ्हाईक तेच होतील. नोकरी सोडल्यावर त्याच क्षेत्रात काम करू नये, ही अट करार कायद्याच्या कलम २७ मुळे आपल्याकडे सहसा टिकत नाही. गोपनीयतेचं तसं नाही. शेतकऱ्यांच्या याद्या, दरपत्रकं, खाते नंबर यातलं एक पानही पेनड्राइव्हवर घेऊन निघू नका. डोक्यात आहे ते तुमचं, कपाटात आहे ते त्यांचं.

पैशाचं थोडक्यात. २३ वर्षांची ग्रॅच्युइटी काढून बघा: कायद्याने धरलेलं शेवटचं महिन्याचं वेतन, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. तो आकडा आणि पीएफ, दोन्ही धंद्यात घालायचे नाहीत. त्यातून गृहकर्ज हलकं करा आणि मुलाच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढा. धंद्यासाठी जी रक्कम बुडाली तरी रात्री झोप लागेल तेवढीच ठेवा, आणि ती आजच कागदावर लिहा. नंतर लिहिलेला आकडा नेहमी मोठा होतो.

आता एक नाजूक गोष्ट. मिसेसच्या पगाराचा उल्लेख पत्रात आहे, त्यांच्या मताचा नाही. दोन-तीन वर्षं घर ज्यांच्या पगारावर चालणार, त्या या धंद्यातल्या पहिल्या भांडवलदार आहेत. त्यांना हिशेब दाखवा, आणि त्यांनी ‘एवढ्या तारखेपर्यंत’ म्हटलं तर ती तारीख माना.

भाच्याचंही तेच. मामा-भाच्यात कसला कागद, असं म्हणू नका. नात्यात कागद नसला की नातंही जातं आणि धंदाही. त्याचा हिस्सा एकदम देऊ नका, तो वर्षागणिक कामाने मिळत जाईल असं लिहून घ्या, आणि तुमच्या हिश्शालाही तीच अट लावा. तो हिंजवडीतली नोकरी सोडणार आहे की शनिवार-रविवार करणार आहे, हेही पत्रात नाही. कुठली भाषा, कुठला सर्व्हर हे त्याने ठरवायचं, तिथे साहेबगिरी करू नका. न्यूटन आठवा. पण सचिवाला स्क्रीनवर आधी काय दिसायला हवं, यावर शेवटचा शब्द तुमचा.

मार्चचा विचार तूर्त सोडा. पाच केंद्रांचे पैसे सलग सहा महिने आले की मला पुन्हा लिहा, तेव्हा राजीनाम्याचा मसुदा मी स्वतः तपासून देईन.

आणि भाच्याला कोड लिहायला बसवण्याआधी एकदा पहाटे साडेपाचला केंद्रावर आणा, तेही थंडीत. किटल्यांची रांग बघू दे. सचिवाचे हात दुधा-पाण्याने ओले असतात आणि ओल्या बोटाला फोनचा पडदा दाद देत नाही. मग तो बोट पँटला पुसतो, पुन्हा दाबतो, तोवर मागची बाई ‘आवरा की ओ, पोरं शाळंला जायाचीत’ म्हणून ओरडते, आणि तो फोन खिशात टाकून कानावरचं पेन काढतो. पोराला त्या पेनाकडे नीट बघायला सांगा.